बेटांवरील ससे आणि मिक्झोमा रोग : प्रसाराच्या इतिहासातील एक प्रकरण

दक्षिण ऑस्ट्रेलियातील स्पेन्सर आखातात, पोर्ट व्हिक्टोरिया या लहानशा बंदरासमोर, वॉर्डांग नावाचे एक सपाट आणि कोरडे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर भरते. आधुनिक प्राणिवैद्यकाच्या इतिहासात या बेटाला स्थान मिळाले ते तेथे झालेल्या दोन प्रयोगांमुळे. पहिला प्रयोग १९३७ साली सुरू झाला. सशांना मारक असा एक विषाणू मुद्दाम तेथे नेण्यात आला आणि प्रयत्न करूनही तो म्हणावा तसा पसरेना. दुसरा प्रयोग १९९५ सालचा. तेव्हा सशांचा दुसराच एक विषाणू तेथे कडेकोट बंदोबस्तात ठेवण्यात आला आणि प्रयत्न करूनही तो आवरेना. एका बेटावर, ५८ वर्षांच्या अंतराने, शास्त्रज्ञांची अपेक्षा दोन्ही वेळी उलटी ठरली. या दोन घटनांचे कारण मात्र एकच होते. रोगाची परीक्षा घेण्यासाठी बेटाची निवड झाली होती आणि प्रत्यक्षात परीक्षा झाली ती रोग वाहून नेणाऱ्याची. ही गोष्ट ध्यानात येण्यास किती काळ लागला आणि त्या विलंबाची किंमत कोणी दिली, याचा हा वृत्तांत आहे.

आरंभी एका शब्दाविषयी खुलासा करणे अवश्य आहे. मराठीत ‘ससा’ हा शब्द दोन निरनिराळ्या प्राण्यांना लावला जातो. आपल्या माळरानांवर आढळणारा रानससा हा ‘लेपस’ वर्गातला. तो बीळ खणीत नाही. गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला अंग दबून बसतो आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा ससा हा मूळच्या युरोपीय सशाचा वंशज होय. हा युरोपीय ससा जमिनीत बिळांचे जाळे करून कळपाने राहतो आणि त्याची पिले उघडीनागडी, आंधळी जन्मतात. संस्कृतातील ‘शश’ हा पहिला ससा. पुढील सर्व विवेचन मात्र दुसऱ्या सशाविषयी आहे. भारतात तो रानटी अवस्थेत नसल्यामुळे भाषेला हा भेद करण्याची निकड भासली नाही. परंतु या इतिहासात बिळाला फार महत्त्व आहे. एका बिळात अनेक ससे दाटीने राहतात; तेथेच त्यांच्या अंगावरील पिसवाही राहतात.

बेटे आणि ससे यांचा संबंध जुना आहे. बॅलिआरिक बेटांवरील रहिवाशांनी सशांच्या उपद्रवाला कंटाळून रोमकडे गाऱ्हाणे नेल्याची हकीकत स्ट्रॅबो आणि प्लिनी या दोघांनीही दिली आहे. प्लिनीच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क लष्करी साहाय्य मागितले. पंधराव्या शतकात पोर्टो सांतो बेटावर पेरेस्त्रेलो याने सोडलेल्या एका सशिणीच्या प्रजेने वसाहतवाल्यांची शेती उद्ध्वस्त केली; त्याच बेटावरील खुज्या सशांची चर्चा पुढे डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात केली. पुढील काळात दर्यावर्दी लोक वाटेवरच्या ओसाड बेटांवर ससे सोडून देत. फुटलेल्या जहाजाच्या खलाशांना ताजे मांस मिळावे हा त्यामागील हेतू. म्हणजे बेट हे सशांचे कोठार झाले ते माणसाच्या सोयीसाठी, आणि त्या कोठारात रोग नेला गेला तोही माणसाच्याच सोयीसाठी.

ऑस्ट्रेलियात युरोपीय रानससे स्थिरावले ते १८५९ नंतर. त्या वर्षी व्हिक्टोरियातील बारवॉन पार्क येथील जमीनदार टॉमस ऑस्टिन याने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून ससे आणविले. पुढील दोन-तीन दशकांत सशांनी मेंढ्यांची कुरणे खरडून काढली. १८८७ साली न्यू साउथ वेल्सच्या सरकारने सशांचा नायनाट करणारा जैविक उपाय सुचविणाऱ्यास २५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले आणि पॅरिसहून प्रत्यक्ष लुई पाश्चर यांनी त्यात लक्ष घातले. कोंबड्यांना होणाऱ्या कॉलऱ्याचे जंतू सशांना मारू शकतात, हे त्यांना ठाऊक होते. १८८८ साली त्यांनी आपल्या पत्नीचा भाचा आद्रियां लुआर याला सिडनीला पाठविले आणि सिडनी बंदरातील रॉड बेटावर प्रयोगशाळा उभी राहिली. जंतू चारलेले ससे मेले. परंतु त्यांच्याजवळ ठेवलेल्या निरोगी सशांना रोगाची लागण सहजासहजी होईना. शिवाय पाखरांनाही धोका होताच. चौकशी मंडळाने उपाय नाकारला, बक्षीस कोणालाच मिळाले नाही. हा रोग जंतुजन्य होता, विषाणुजन्य नव्हे. तरीही त्याची दखल येथे घेणे भाग आहे, कारण सशांवरील रोगाची परीक्षा बेटावर घ्यावी ही प्रथा येथून सुरू झाली. अलगपणाची कल्पनाच मुळी बेटावरून आलेली आहे. इंग्रजीतील ‘आयसोलेशन’ हा शब्द लॅटिन ‘इन्सुला’, म्हणजे बेट, यापासून निघाला. भोवती पाणी आहे, तेव्हा आतले आत राहील, हा विश्वास त्या शब्दात गृहीत आहे.

ज्या विषाणूने पुढे हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा केला त्याचा शोध अपघाताने लागला. इटालियन जंतुशास्त्रज्ञ ज्युसेप्पे सानारेल्ली हे उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेव्हिदेओ येथे, काम करीत असता १८९६ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील युरोपीय ससे एका अपरिचित रोगाने मरू लागले. कातडीखाली बुळबुळीत द्रव्याने भरलेल्या गाठी येत. त्यावरून रोगाला नाव पडले. ग्रीक ‘मिक्सा’ म्हणजे शेंबूड किंवा श्लेष्म, आणि ‘-ओमा’ हा गाठवाचक प्रत्यय. दक्षिण अमेरिकेतील स्थानिक रानसशांना हाच विषाणू एखादी क्षुल्लक गाठ देऊन सोडतो. युरोपीय सशाला मात्र तो दहा-बारा दिवसांत संपवितो, ही गोष्ट ब्राझीलमधील शास्त्रज्ञ एन्रिके आरागाओ यांनी १९४० नंतरच्या वर्षांत सिद्ध केली. विषाणू डासांच्या द्वारे सशाकडून सशाकडे जातो हेही त्यांनीच दाखविले. ऑस्ट्रेलियातील सशांवर हा रोग सोडावा, ही सूचना आरागाओ यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीसच केली होती. त्या वेळी ती नाकारण्यात आली.

नाकारलेली सूचना पुन्हा जागी केली ती मेलबर्नच्या डॉ. जीन मॅकनमारा यांनी. त्या मुळात बालपक्षाघाताच्या तज्ज्ञ. अमेरिकेच्या दौऱ्यात, १९३३ साली, प्रिन्स्टन येथे रिचर्ड शोप यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मिक्झोमा रोगाविषयी ऐकले आणि लंडनमधील ऑस्ट्रेलियन उच्चायुक्त स्टॅन्ली ब्रूस यांच्यामागे त्यांनी तगादा लावला. परिणामी सर चार्ल्स मार्टिन यांनी १९३४ पासून केंब्रिजमध्ये कुंपण घातलेल्या आवारांत सशांवर प्रयोग केले. आवारात रोग शिरला की जवळजवळ सर्व ससे मरत. इतर पशुपक्ष्यांना बाधा होत नसे. कागदावर पाहता उपाय रामबाण होता. आता प्रश्न उरला तो एवढाच, की मोकळ्या जागेत काय होईल? मोकळी तरीही सुरक्षित जागा म्हटली की बेट ओघानेच आले.

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाशी, पेंब्रोकशरच्या किनाऱ्यापलीकडे, स्कोकहोम नावाचे सुमारे २४० एकरांचे बेट आहे. रोनाल्ड लॉकली या तरुण निसर्गाभ्यासकाने १९२७ मध्ये ते भाडेपट्ट्याने घेतले. रानटी ससे काढून टाकून त्या जागी मौल्यवान लोकरीचे चिंचिला ससे वाढवावेत आणि त्यावर चरितार्थ चालवावा, असा त्याचा बेत होता. तो सफल झाला नाही. फासे, जाळी, कुत्रे असे सर्व उपाय करूनही रानससे संपेनात. उलट बेटावर बिळे करून राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या निरीक्षणात लॉकली इतका रमला की १९३३ साली ब्रिटनमधील पहिले पक्षिनिरीक्षण केंद्र त्याने तेथेच उभारले. असा, सशांनी हैराण केलेला आणि निरीक्षणाची सवय असलेला माणूस मार्टिन यांना अनायासे मिळाला.

१९३६ ते १९३८ या काळात स्कोकहोमवर रोग सोडण्याचे प्रयत्न झाले. ससे पकडावयाचे, त्यांना विषाणू टोचावयाचा, ओळखीची खूण करावयाची आणि त्यांच्याच बिळांपाशी सोडून द्यावयाचे, अशी रीत होती. टोचलेले ससे ठरल्याप्रमाणे मेले. त्यांच्या अगदी निकट असलेल्यांपैकी काही मेले. मग रोग थांबला. केंब्रिजच्या आवारात सर्वसंहारक ठरलेला विषाणू हजारो सशांनी भरलेल्या बेटावर विझून गेला. ससे तेच, विषाणू तोच, बिळांत दाटीही तशीच. मग फरक कोठे पडला? त्या वेळी सुचलेले उत्तर असे की रोगी ससा मोकळ्यावर एकटा पडतो आणि पुरेसा संपर्क घडत नाही. हे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. पण ते संपर्कापाशी थांबले.

याच सुमारास ऑस्ट्रेलियात, १९३७ च्या अखेरीस, लायनेल बुल यांच्या देखरेखीखाली वॉर्डांगवर प्रयोग सुरू झाला. म्यूल्स हे त्यांचे सहकारी. वॉर्डांगचा अनुभव स्कोकहोमहून जरा निराळा होता. एखाद्या बिळसमूहात रोग चांगला पेट घेई, परंतु शेजारच्या समूहाकडे सरकत नसे. कातडीला घट्ट चिकटून बसणारी एक पिसवांची जात जेथे होती तेथे लागण अधिक होते, ही बाब या शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटली नाही, हे त्यांच्या श्रेयात जमा केले पाहिजे. पुढे मुख्य भूमीवर चाचण्यांना अनुमती मिळाली ती दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष, विरळ वस्तीच्या प्रदेशात. म्हणजे सावधगिरीने पुन्हा एक प्रकारचे बेटच निवडण्यात आले. फरक इतकाच की या वेळी भोवती पाण्याऐवजी वाळवंट होते. जेथे पाणी नाही तेथे डास नसतात. डास हा विषाणू वाहून नेऊ शकतो, हे बुल आणि म्यूल्स यांनी प्रयोगशाळेत स्वतः पाहिले होते. पण ज्या भूमीवर त्यांना काम करू दिले गेले तेथे डासांची संख्या नगण्य होती. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाचा आशय असा होता की काही विशिष्ट परिस्थिती वगळता सशांच्या नियंत्रणासाठी या रोगावर फारशी भिस्त ठेवता येणार नाही.

या निष्कर्षाचे वाचन पुढे कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे. ‘विशिष्ट परिस्थिती वगळता’ हा भाग मागे पडला आणि ‘रोग पसरत नाही’ एवढेच वाक्य लोकांच्या ध्यानात राहिले. मराठीत ‘पसरणे’ आणि ‘पसरवणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत; पहिले अकर्मक, दुसरे प्रयोजक, आणि दुसरे वापरताच ‘कोण?’ हा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत ‘स्प्रेड’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि पसरविणारा कोण, हे सांगण्याचे बंधन तो वक्त्यावर घालीत नाही. शास्त्रज्ञांना व्याकरणाने फसविले असे म्हणणे अर्थात अतिशयोक्तीचे होईल. बुल यांना तर वाहकाची जाणीव होतीच. तथापि अहवालातून कार्यालयात आणि कार्यालयातून वर्तमानपत्रात जाताना वाक्यातील कर्ता गळून पडला, एवढे खरे. बेटावर जे अपयश आले ते वाहकाच्या अभावाचे होते. नोंद झाली ती विषाणूच्या नावावर.

महायुद्ध संपल्यानंतर मॅकनमारा यांनी हा विषय पुन्हा लावून धरला. डास विपुल असलेल्या प्रदेशात चाचणी झालेलीच नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता, आणि तो बिनतोड होता. अखेर १९५० साली फ्रान्सिस रॅटक्लिफ यांच्या नेतृत्वाखाली मरे नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी रोगी ससे सोडण्यात आले. प्रारंभी येथेही निराशाच पदरी पडली. महिन्यामागून महिना गेला, रोग मंदावला, आणि काम गुंडाळण्याची वेळ आली. त्यानंतर डिसेंबरात, उन्हाळा लागताच, नदीकाठी मेलेल्या सशांच्या बातम्या येऊ लागल्या. त्या वर्षी पाऊसपाणी भरपूर झाले होते. नद्या तुडुंब होत्या. ‘क्यूलेक्स अ‍ॅन्युलिरोस्ट्रिस’ जातीच्या डासांचे थवेच्या थवे उठले होते. काही आठवड्यांत रोग मरे-डार्लिंगच्या उपनद्यांच्या काठाकाठाने एक हजार मैलांहून अधिक पसरला. नकाशावर पाहता ती साथ जमिनीवर पसरलेली दिसतच नाही. ती पाण्याच्या रेषा गिरवीत गेलेली दिसते. उराना सरोवराच्या परिसरात पहिल्या साथीत लागण झालेल्या सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मेले.

योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात त्याच खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला आणि तो जोडणे स्वाभाविकच होते. तेव्हा मॅकफार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयान क्लुनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी सशांचा विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही. १९५१ साली ही गोष्ट संसदेत जाहीर करण्यात आली.

युरोपात हा रोग आला तो कोणत्याही सरकारच्या निर्णयाने नव्हे. पॅरिसजवळच्या मेलबुआ येथे आपल्या जमिनीवर ससे फार झाले म्हणून पॉल-फेलिक्स आर्मां-देलिल या नामवंत डॉक्टरने स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेतून विषाणू मागविला आणि १४ जून १९५२ रोजी दोन सशांना टोचून सोडून दिले. आपल्या जमिनीला भिंत आहे, रोग आत राहील, असा त्याचा समज होता. हेही एक बेटच म्हणावयाचे. वर्ष-दीड वर्षात फ्रान्सचा बहुतांश भाग आणि शेजारचे देश रोगाने व्यापले. शिकाऱ्यांनी डॉक्टरावर खटला भरला आणि १९५५ साली न्यायालयाने त्याला ५,००० फ्रँक दंड केला. पुढच्याच वर्षी वनशेतीवाल्यांच्या वर्तुळातून त्याला सुवर्णपदक मिळाले. एका कृत्याला दंड आणि पदक ही दोन्ही मिळावीत, हे या रोगाविषयीच्या मतभेदाचे यथार्थ चित्र होय.

१९५३ च्या शरद ऋतूत इंग्लंडमधील केंट परगण्यात रोग प्रथम आढळला. तेथे डासांचा वाटा अल्प होता. ब्रिटनमध्ये हे काम केले सशाच्या पिसवेने. ही पिसू बिळातच राहते, एका सशावरून दुसऱ्या सशावर चढते, आणि तिची वीण सशिणीच्या गर्भारपणाशी बांधलेली असते, असे मिरियम रॉथशिल्ड यांच्या संशोधनातून पुढे निष्पन्न झाले. आता स्कोकहोमचे कोडे उलगडले. त्या बेटावरील सशांच्या अंगावर पिसू नव्हतीच. १९५२ साली हेब्रिडीजमधील हैस्कर बेटांवर केलेला प्रयोगही याच कारणाने फसला होता. किनाऱ्यावरून ससे बेटावर गेले, पण त्यांचा हा क्षुद्र सोबती त्यांच्याबरोबर टिकला नाही. बेट निवडले ते तेथे बाहेरचे काही येत नाही म्हणून, आणि प्रयोग फसला तोही त्याच कारणाने. लॉकलीच्या पदरी अपयश आले असले तरी त्याच्या सशांच्या निरीक्षणांचे ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट’ हे पुस्तक १९६४ साली निघाले, आणि इंग्रजी वाचकांचे सशाविषयीचे ज्ञान बरेचसे त्यावर पोसले गेले.

रोगाच्या लक्षणांविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर हा सारा वृत्तांत कीटकांच्या हिशेबासारखा वाटेल. पापण्या सुजून चिकटतात, ससा आंधळा होतो, डोके व गुप्तांगे सुजतात, कान लोंबतात, माणूस जवळ आला तरी तो पळत नाही. हा प्रकार काही दिवस चालतो. ब्रिटनमधील लोकांनी असे ससे रस्त्यांवर बसलेले पाहिले आणि शेतीचा फायदा उघड दिसत असूनही अनेकांना ते सहन झाले नाही. काही शेतकरी मात्र रोगी ससे पोत्यात घालून आपल्या शेतात नेऊन सोडीत. अखेर १९५४ च्या कायद्याने रोगी ससा वापरून जाणूनबुजून साथ पसरविणे हा गुन्हा ठरविण्यात आला. म्हणजे पसरविणाऱ्यांच्या यादीत डास आणि पिसू यांच्या जोडीला माणसाचीही कायदेशीर नोंद झाली. ससे नाहीसे झाल्यावर गवत वाढले आणि आखूड गवतावर अवलंबून असलेले एक मोठे निळे फुलपाखरू ओसरत ओसरत १९७९ साली ब्रिटनमधून नाहीसे झाले.

ऑस्ट्रेलियात दरम्यान फेनर यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली होती. विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही. तो फक्त सोंडेच्या टोकाला लागून जातो, दौतीत बुडविलेल्या टाकाला शाई लागावी तसा. यास्तव जो ससा आठवड्यात मरतो त्याच्यावर डासाला फार दिवस बसता येत नाही. जो तीन-चार आठवडे अंगावर गाठी घेऊन जगतो तो अधिक डासांना विषाणू पुरवितो. परिणामी पहिल्या दोन-तीन वर्षांतच विषाणूचे सौम्य प्रकार तीव्र प्रकारांना मागे सारू लागले. सशांच्या बाजूनेही निवड चालू होतीच. उराना सरोवराच्या परिसरातील ससे घेऊन त्यांना ठरावीक तीव्रतेचा विषाणू टोचला असता, पूर्वी ज्याने ९० टक्के ससे मरत त्याच विषाणूने सात साथींनंतर सुमारे २५ टक्केच मरू लागले. रोग किती मारक आहे, या प्रश्नाचेही उत्तर अखेर वाहकापाशीच जाऊन पोहोचले.

हे सर्व ज्ञान हाती आल्यावर बेटाकडे निराळ्या दृष्टीने पाहणे शक्य झाले. टास्मानियाच्या आग्नेयेस सुमारे १,५०० किलोमीटरवर, दक्षिण महासागरात, मॅक्वारी हे ३४ किलोमीटर लांबीचे अतिशीत व वादळी बेट आहे. सील मारणाऱ्यांनी १८७८ च्या सुमारास अन्नासाठी तेथे ससे नेले. मांजरे आधीपासून होतीच. सशांमुळे त्यांना हिवाळ्यातही भक्ष्य मिळू लागले, त्यांची संख्या वाढली, आणि बेटावरील खास जातीचा लहान पोपट थोड्याच वर्षांत नष्ट झाला. पुढे सशांनी उतारांवरील उंच गवत खाऊन टाकल्यामुळे माती घसरू लागली. येथे डासांवर भिस्त ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून १९६८ च्या अखेरीस बेटावर प्रथम सशांची पिसू आणण्यात आली. विषाणू नाहीच, फक्त पिसू. ती बेटभर रुजेपर्यंत जवळजवळ दहा वर्षे वाट पाहण्यात आली आणि १९७८ साली विषाणू सोडण्यात आला. तेव्हा दीड लाखाच्या घरात असलेली सशांची संख्या पुढील दशकात दहा-वीस हजारांपर्यंत उतरली. स्कोकहोमवर चाळीस वर्षांपूर्वी जे उलट्या क्रमाने झाले होते, ते येथे सरळ क्रमाने झाले. या साऱ्या इतिहासात या दहा वर्षांच्या धीराइतके शहाणपणाचे दुसरे काही आढळत नाही. असे असले तरी हे यश अपुरेच होते. विषाणू वर्षानुवर्षे नव्याने सोडावा लागे. १९९९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २००० पर्यंत मांजरेही संपविण्यात आल्यावर ससे पुन्हा वाढले. २००६ साली दरड कोसळून पेंग्विनांच्या वसाहतीवर पडली.

आता पुन्हा वॉर्डांग. १९८४ साली चीनमध्ये अंगोरा सशांमध्ये एक नवा रोग दिसला. त्यात अंतर्गत रक्तस्राव होऊन ससा दोन-तीन दिवसांत मरतो. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी मार्च १९९५ मध्ये या रोगाच्या विषाणूची चाचणी वॉर्डांगवर सुरू केली. या वेळी सावधगिरी पहिल्याहून कितीतरी अधिक होती. ससे बंदिस्त आवारांत होते, विषाणू त्यांच्या बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था होती, आणि भोवती समुद्र होताच. परंतु सावधगिरीला आधी माहीत असावे लागते की कोणापासून सावध राहावयाचे. वसंत ऋतूत रोग आवारांबाहेर आढळला. बाहेरचे ससे मारून तो रोखण्याचा प्रयत्न झाला. आणि ऑक्टोबरात तो मुख्य भूमीवर, शेकडो किलोमीटर आत असलेल्या युंटा येथे, प्रकट झाला. संशय माश्यांवर गेला आणि पुढील संशोधनाने तो दृढ केला. मेलेल्या सशावर बसलेली माशी विषाणू घेऊन वाऱ्याबरोबर जाते; तिला समुद्राचा अडसर नाही. फ्लिंडर्स पर्वतराजीच्या काही भागांत थोड्या आठवड्यांत सुमारे ९५ टक्के ससे मेले. १९९६ साली सरकारने त्या विषाणूचा वापर अधिकृत केला. जे आधीच घडून गेले होते त्यालाच ती मान्यता होती. न्यूझीलंडच्या सरकारने १९९७ च्या जुलैत तोच विषाणू आणण्यास नकार दिला. ऑगस्टात तो मध्य ओटागोच्या शेतांत सापडला. तेथे माशीने समुद्र ओलांडला नव्हता. शेतकऱ्यांनीच तो चोरून आणला होता, आणि मेलेल्या सशांची काळजे स्वयंपाकघरातल्या यंत्रात वाटून त्याचा पुढचा साठा तयार केला होता.

वॉर्डांगवरून सुटलेला हाच विषाणू फेब्रुवारी २०११ मध्ये मॅक्वारीवर नेण्यात आला, या वेळी रीतसर. बहुसंख्य ससे त्याने मेले. उरलेल्यांसाठी त्याच वर्षी हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकण्यात आले, आणि त्यातूनही वाचलेले मोजके ससे माणसांनी व शिकवलेल्या कुत्र्यांनी एकेक करून शोधले. त्यानंतर शोधपथके दोन वर्षांहून अधिक काळ बेट पायाखाली घालीत राहिली. कुत्री वास घेत, माणसे बिळे तपासत, आणि नोंदवहीत रोज तेच लिहिले जाई : ससा आढळला नाही. एप्रिल २०१४ मध्ये बेट ससेमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. तोवर उतारांवर उंच गवत आणि रुंद पानांची मॅक्वारी कोबी पुन्हा उगवली होती.